चित्रं आतल्या बाईसाठी

जिनिंगच्या आवारातून नुसतं चालत गेलं तरी लुगड्याला कापूस चिकटतो. आमच्या तिघींच्या संगतीत किस्से असेच चिकटत गेले. झटकते म्हटलं तरी सुटत नाहीत. परवा एक पोरगी घरी आली, मोबाइल पुढे धरून म्हणाली, "आजी, तुमचा कलाप्रवास सांगा ना." मी म्हटलं, "प्रवास एसटीनं केला बाई, तोही बहुतेक उभ्यानं. किस्से ऐकायचे असतील तर बस!"

तिघी म्हणजे मी इंदू, अमरावतीची, चित्रं काढणारी. दुसरी नलू, अकोल्याच्या जठारपेठेत ब्लाऊज शिवणारी. तिसऱ्या अचलपूरच्या नसीमआपा, कापड रंगवणाऱ्या. आज नलूच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात आणि आपा लेकाकडे हैदराबादेत आहेत. पण तेव्हा आठवडा उलटत नसे; दोघी उठून तिसरीच्या घरी जायच्या. जुन्या लुगड्यांवर मी काढायचं, आपांनी रंगवायचं, नलूनं शिवायचं आणि तिघींनी भांडायचं. आमचं कलादालन ते हेच!

* * *

आमचं पहिलं प्रदर्शन अमरावतीला लागलं. प्रमुख पाहुणे कुठल्याशा कॉलेजातले मोठे प्राध्यापक. चष्मा कपाळावर नेऊन विचारतात, "आपलं कलाशिक्षण कुठे झालं?"

"पोळ्याला," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवायचं काम लहानपणापासून माझ्या वाट्याला. कॉलेजातल्या पोरांचा कॅनव्हास गप उभा राहतो. माझा मान हलवायचा, शेपटी मारायचा, रंग नाही आवडला तर लाथसुद्धा! "त्यामुळं साहेब, समीक्षकांची भीती माझी तेव्हाच गेली."

पाहुणे हसले. नलू मागून म्हणाली, "जरा बाजूले सरका साहेब. हिची सवय अजून गेली नाई. पुढं कोनी उभा दिसला का रंगवते!"

* * *

मग मुंबईच्या एका गॅलरीनं बोलावलं. पांढऱ्या भिंती, गार हवा. माणसं हळूहळू चालतात, कानात कुजबुजतात, चित्रासमोर हात मागे बांधून उभी राहतात, मान हलवतात, पुढे सरकतात. कुणी हसत नाही, कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आपा बराच वेळ दाराशी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. शेवटी न राहवून गॅलरीवाल्या बाईंच्या जवळ गेल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "बेटा, घर में किसका इंतकाल हुआ?"

कोण गेलं म्हणून बाईच दचकून मागे बघायला लागल्या. आपांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सबर करो."

* * *

भिंतींचं काम याच काळातलं. गावोगावच्या भिंतींवर आम्ही आरोग्याची चित्रं काढायचो. खोकला अंगावर काढू नका, बाळंतिणीला उपाशी ठेवू नका, असं. अचलपूरकडच्या एका गावात मी बाईनं स्वतःची छाती स्वतः कशी तपासावी ते काढलं. एकाखाली एक चित्रं, हात कुठून कुठे फिरवायचा ते दाखवणारी. नीट, मोठी, लांबून दिसतील अशी.

सरपंच धावत आले. "बाई, हे काय काढून राहिले तुमी? पोरंसोरं जातात इकडून!"

"जाऊ द्या की. दूध पेताना डोळे मिटून पेत होते का ते?"

"उद्या सकाळी चुना मारून टाकतो, सांगून ठेवतो!"

सकाळी खरंच आले, हातात चुन्याची बादली घेऊन. पाहतात तो भिंतीपुढे त्यांची आई बसलेली! पाटावर ऐसपैस, नजर चित्रावर, हात चोळीच्या आत. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारते, "काहून वो बाई, पयले डावं पाहाचं का उजवं?"

सरपंचांनी त्या दिवशी मारुतीचा पार रंगवला.

* * *

आता जे सांगते ते त्याच दुपारचं. आम्ही हसून हसून थकलो होतो. शिदोरी सोडली, ठेच्याची पुडी उघडली, तरी नलूचा पत्ता नाही. बऱ्याच वेळानं भिंतीमागून आली, हात पदराला पुसत.

"तुह्यं चित्र बराबर हाय," म्हणाली.

"मग? माझं चित्र कधी चुकतं?"

"तसं नाई. म्या करून पाह्यलं. गाठ लागली मले."

ठेचा तसाच राहिला.

* * *

दुसऱ्या दिवशी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीच, पुण्याकडची पोरगी, बोलायला गोड. पण तपासायची खोली कशी, तर टेबल दारासमोर. दाराची एक फळी होती, दुसरी कधीची निखळलेली. पडदा नाही. आणि दारात बायाबाप्यांची लाइन! डॉक्टर म्हणाली, "पडदा मागून मागून मीसुद्धा थकले हो."

नलू उंबऱ्यावरूनच फिरली. बाहेर येऊन माझ्यावर कडाडली, "जनमभर म्या बायकांचं माप पडद्याआड घेतलं. दुकान वीतभर हाय तरी पडदा हाय. अन् माहं माप मी या लाइनीले दाखवू?"

"मग अकोल्याला चल. अमरावतीला चल. तिथं पडदे आहेत, दारं आहेत."

"मी जाईन तिकडं. अन् ह्या बाया? याहिले तपासून घ्या म्हनून आपुनच सांगतो न. मी गेलो तर म्हनतीन, नलूबाई बी पळाली."

"अगं, तुझ्या छातीत गाठ आहे!"

"हाय न. माही हाय. तुले काहून घाई?"

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. इतका राग मला माझ्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता. गाठ थांबते का कुणासाठी? पण पडदा लागल्याशिवाय ती टेबलावर चढणार नाही हे मला कळत होतं, म्हणून मी पडद्यावरची चित्रं काढायला बसले.

* * *

तो पडदा अबोल्यात शिवला गेला. नलूच्या दुकानातली ब्लाऊजची कात्रणं, जठारपेठेतल्या अर्ध्या बायकांच्या अंगाला लागून उरलेली. त्यांतून मी चित्रं रचली: विहिरीवर पाय सोडून बसलेल्या पोरी, कपाशीत डबा खाणाऱ्या बाया, ओटी भरून घेणारी पोटुशी, बोळकं उघडून हसणारी म्हातारी. आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो आणि बोलायचो आपांच्या मार्फत.

"आपा, तिले सांगा, दोरा द्या म्हना."

"आपा, हिला सांगा, दोरा हिच्याच मांडीखाली आहे!"

आपा कपाळाला हात लावायच्या. "दोनों की सास मैंच हूँ क्या?"

* * *

पडदा झाला, तर दवाखान्यातून उत्तर आलं की बाहेरची वस्तू लावता येत नाही. वरून परवानगी लागेल. वरून म्हणजे कुठून, ते खाली कुणालाच माहीत नव्हतं!

नेमकं तेव्हाच पुण्याच्या एका डिझाइन महोत्सवाचं बोलावणं आलं. नलू आपांना म्हणाली, "तिले सांगा, चाल. पेपरवाले येतीन. फोटो निघंन, मंग परवानगी बी निघंन." बाई शिवायला सरळ, पण डोकं वकिलाचं!

तिथं एका दाढीवाल्या पोरानं आमचा पडदा उजेडात टांगला, चित्रं लोकांकडे करून. माइक घेऊन तो बोलत होता दृश्यतेवर, अदृश्यतेवर, आणखी कशाकशावर. नलू उठली, स्टुलावर चढली आणि सगळ्यांसमोर पडदा उलटा केला. लोकांकडे आली ती साधी पांढरी बाजू.

"मावशी, चित्रं आत गेली!" पोरगा घाबरला.

"आतच पाह्यजेत. चित्रं आतल्या बाईसाठी हायत. ते टेबलावर झोपन, तिले भेव वाटंन, तिनं काई तरी पाहावं का नाई? बाहेर उभ्या असलेल्याले काय पाहाचं हाय?"

मग एक धिप्पाड गृहस्थ पुढं आले. स्वतःचं संग्रहालय होतं म्हणे त्यांचं. "हा पडदा आमच्या कायमच्या संग्रहात हवा. नाव होईल तुमचं."

नलू म्हणाली, "ठेवा न. पन मंग ते टेबल बी इथं आना, डॉक्टरीन बी आना, अन् माही लाइन बी आना."

माझा अबोला तिथंच सुटला. मी इतक्या जोरात हसले की माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं स्टुलावरून मला दटावलं, "हसून काय राहिली? घडी घालाले ये!"

* * *

आणि मग तो दिवस. फोटो छापून आला होता, परवानगी कुठूनशी खाली उतरली होती. पडदा लागला, चित्रं आत. लाइनीतल्या बाया पांढऱ्या कापडाकडे पाहत उभ्या. पहिला नंबर नलूचा. ती आत गेली. मी आणि आपा बाहेर बाकड्यावर. आपांचे ओठ हलत होते. मला काही येत नाही असलं, मी नुसता त्यांचा पदर धरून बसले.

मग डॉक्टरनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "यांच्यासोबत कोण आहे? जरा आत या."

आपांना धरून मी आत गेले. नलू टेबलाच्या कडेला बसलेली, पदर सावरून. डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "गाठ काढावी लागेल. काढून तपासायला पाठवू, मग पुढचं कळेल. पण आता उशीर करायचा नाही."

नलूचं लक्षच नव्हतं. ती वाकून पडद्याखाली बघत होती.

"इंदू, दांडी ठोकनाऱ्यानं वर ठोकली वो. पडदा आखूड पडला."

"नलू, डॉक्टर काय म्हणते ते ऐकलंस का?"

"ऐकलं. कापाचं हाय. हे पाह्य, मले बाहेरच्या लाइनीचे पाय दिसून राहिले. म्हंजे त्याहिले माहे बी दिसले असतीन. गावात जोडव्यावरून बाई ओळखू येते."

"मावशी," डॉक्टर म्हणाली, "मी तुमच्या ऑपरेशनबद्दल बोलतेय."

नलूनं ब्लाऊजच्या काठाला टोचलेली सुई काढली, खाली उतरली आणि पडद्याची खालची दुमडलेली पट्टी दातांनी उसवायला घेतली.

"हो माय," तोंडातला दोरा बाजूला करत ती म्हणाली. "आधी मी शिवतो. मंग तुमी कापा."