हेळव्यानं न वाचलेली ओळ

आमच्या घरात एका माणसाचं नाव काढायची सोय नव्हती. बांधाच्या भांडणात त्यानं सख्ख्या थोरल्या भावाला कुऱ्हाडीनं मारलं आणि काळ्या पाण्यावर गेला. मेलेला थोरला तो माझ्या वडिलांचा आजा. अंदमानात त्या धाकट्याचं पुढं काय झालं, एवढंच मला हवं होतं. वडील म्हणायचे, "त्या खुन्याची चौकशी तुला कशाला?"

दोन वर्षं मी सातारा-सांगलीच्या खेपा घातल्या. एका कचेरीत मोडी वाचणारा रजेवर, तर दुसरीत म्हणाले, वारस असल्याचा दाखला आणा. ज्याला मूलबाळच नाही त्याचा वारस मी कुठून आणू? पाटणच्या चुलत्यांनी तर तोंडावर सांगितलं, "लेकीच्या जातीला वंशावळ कशाला?" डोकं पिकलं नुसतं.

मग यंदाच्या सुगीला उंब्रजला आमच्या दारात हेळवी आला. हे लोक पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. दोन-चार वर्षांनी येतात, वही वाचून दाखवतात, ज्वारी घेऊन जातात. मी वैतागूनच विचारलं, त्या धाकट्याचं काही लिहिलंय का?

तो वडिलांकडं बघत म्हणाला, "लिवलंय की. पर वाचायचं न्हाई आसं ठरलंय. तुमच्या आजीनं आमच्या पणज्याला गाय दिली हुती त्यापायी."

म्हणजे काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले होते. मी चिडून म्हणाले, "आता वाचाच." वडिलांनी मान डोलावली तेव्हा त्यानं पान उलटलं.

थोरल्याला मूल नव्हतं. मूल होतं धाकट्याला. त्याची बायको दुसऱ्या घरी गेली आणि ते लेकरू थोरल्याच्या विधवेनं पदरात घेतलं. "पोराला कुनी खुन्याचं म्हनू ने, माझ्या नवऱ्याच्या नावावर वाचा, म्हनाली म्हातारी." ते पोर म्हणजे माझे आजोबा.

आता राग कुणावर काढायचा ते मला कळेना. वडिलांकडं बघवेना. जन्मभर शिव्या घातल्या तो त्यांचा सख्खा आजा निघाला, आणि जिच्या मांडीवर ते वाढले तिचाच नवरा त्यानं मारला होता.

"मालक, आता फुडं कसं वाचू?" हेळव्यानं विचारलं.

वडील म्हणाले, "बाप खरा वाच. आई मातर तीच वाच."