चाळणीतून सुटलेली मास्तरीण

माझ्या भाचीला घरात सगळे बेबी म्हणतात. ती सेहेचाळीस वर्षांची आहे, पण तिच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, एकदा नाव ठेवलं ते चिकटलं. बी.ए. झाली, लग्न झालं, दोन मुलं वाढवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं अकरा वर्षं केलं. त्या घरात कुणाची वस्तू हरवली की एकच आरोळी, "बेबी, माझं अमुक कुठंय?" आणि बेबीला ते सापडायचं. मुलं बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "आत्या, आता मी नोकरी करणार." मी म्हटलं, "कर की. मला काय विचारतेस?"

नोकरी मिळाली ती लोकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. चार टेबलं, एक काचेची खोली, तिच्यात तिशीतले साहेब. कारखाने, दवाखाने यांना माणसं हवी असली की ते इथे कळवतात. हजारो लोकांचे अर्ज संगणकात भरलेले. त्यातून हवा तो माणूस काढायचा म्हणजे चाळण्या लावायच्या. काम कोणतं, राहतो कुठे, अनुभव किती, एकेक चौकट भरायची, की नको ती माणसं गळून जातात. बेबी याला 'फिल्टर' म्हणायला शिकली. मी चाळणीच म्हणते.

तीन महिने पारखून घेणार, मग कायम करायचं की नाही ते ठरणार, असा करार होता. आणि शेवटच्या आठवड्यात साहेबांनी तिच्यापुढे एक काम टाकलं. नर्सचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याला कापड बेतून कापणारा माणूस हवा होता. दोन महिने कुणालाच सापडला नव्हता. "शुक्रवारपर्यंत द्या, बेबीताई, मग आपण कायमचं बोलू," साहेब म्हणाले. न दिला तर काय, ते बोलायची गरज नव्हती.

गुरुवारी दुपारी माझ्या चष्म्याची काडी तुटली. खाली दुरुस्तीला टाकली आणि तासभर करायचं काय म्हणून जिना चढून वर गेले. मला पडद्यावरचं अक्षर दिसेना, म्हणून बेबी मला वाचून दाखवत होती. त्याचा पुढे उपयोग झाला, म्हणून सांगते.

"काय टाकलंयस?"

"पॅटर्न मेकर. कारखान्याने तेच लिहून दिलंय."

"किती आले?"

"शून्य. सोमवारपासून शून्यच येतंय."

"अगं, कापड कापणारा माणूस जन्मात स्वतःला पॅटर्न मेकर म्हणेल का? माझा शिंपी स्वतःला काय म्हणवतो? मास्तर!"

अर्ज करणारे बहुतेक आपल्याच भाषेत लिहितात. तिने 'मास्तर' टाकलं आणि किंचाळली, "सत्तावन्न!"

"वाच."

"पोस्टमास्तर. बँडमास्तर. बँडमास्तर. ड्रिलमास्तर. स्टेशनमास्तर. गणिताचे मास्तर... आत्या, यांना घेऊन कारखाना नाही, शाळा निघेल. बँडसकट!"

शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस खो खो हसली. बेबीने दुसऱ्या चौकटीत 'कापड' घातलं. राहिले दोन. एकाला गेल्याच आठवड्यात काम लागलेलं, दुसऱ्याचं कापडाचं दुकान. बेबीने डोकं टेबलावर टेकलं.

"रडू नकोस, मला तेवढा वेळ नाही," मी म्हटलं. "शिवणकामात बायका नाहीत होय?"

तिने डोकं वर केलं. कुणी काही सांगितलं नाही, तिचं तिनेच टाकलं, 'मास्तरीण'. संगणक फार शब्दनिष्ठ. मास्तर विचारलं तर शेवटी 'मास्तर' असलेलेच देणार, मास्तरणीला हात लावणार नाही.

"शून्य," ती म्हणाली. मग बारकाईने पाहून, "थांब. अनुभव पाच ते आठ वर्षं असं आधीच भरून ठेवलंय. आठच्या वरचं कुणी दिसतच नाही!" तिने तो आठ पुसला.

मग ती इतकी हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं. "एक आलीय. 'कटिंगमास्तरीण. अनुभव सव्वीस वर्षे.' आणि इथून दोन स्टॉपवर राहते."

फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज, "लोन नको!" फोन बंद. बेबीने पुन्हा लावला.

"बाई, लोन नाही, काम आहे. नर्सच्या गणवेशाच्या कारखान्यात. नोकऱ्या लावून देणाऱ्या कंपनीतून बोलतेय."

"त्या कारखान्यात? तुमच्याकडूनच तीनदा अर्ज टाकला मी तिथे. कुणी हुं की चूं केलं नाही. बरं, नर्सचा झगा ना? बाही अखंड की जोडाची?"

"मला बटणसुद्धा धड लावता येत नाही हो," बेबी म्हणाली.

पलीकडची बाई इतकी हसली की ते मला ऐकू आलं. "खरं बोललात. मग येते."

साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. "सव्वीस? पाच ते आठ लिहिलंय, ताई. क्लायंट चिडेल."

"साहेब, आठ वर्षं झाली की माणूस कापायचं विसरतो का?" असं म्हणून तिने त्यांच्यासमोरच कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला आणि आठचं कारण विचारलं.

"आठ? कसले आठ?" मॅनेजर ओरडला. "निदान पाच असावीत, एवढंच म्हटलं होतं मी!"

साहेबांचे कान लाल झाले. काम नोंदवताना अनुभवाच्या वरच्या मर्यादेची चौकट रिकामी सोडली तर पान पुढे जात नाही, म्हणून आठ त्यांनीच ठोकून दिला होता. माणूस सरळ, लगेच कबूल झाला. "चूक माझी," म्हणाले. मी नाही नाही म्हणत असताना माझ्यासाठी चहाही मागवला. मी प्यायले.

शुक्रवारी सकाळी मास्तरीणबाई कारखान्यात गेल्या. स्वतःची कात्री घेऊन. त्यांना चार गणवेशांचं कापड दिलं, त्यातून त्यांनी पाच काढले आणि उरलेल्या तुकड्यांत खिसे बसवून दाखवले. मॅनेजरने त्यांना परत घरी जाऊच दिलं नाही. त्याच दिवशी कामावर घेतलं.

चार वाजता साहेबांनी बेबीला काचेच्या खोलीत बोलावलं. तिने संध्याकाळी सगळं मला साभिनय करून दाखवलं, साहेबांच्या कानांसकट.

"तुम्ही कायम, ताई. पत्रावर पद काय लिहू? आपल्याकडे टॅलेंट ॲक्विझिशन असोसिएट असतं."

"ते लिहा साहेब, पण खाली आपल्या भाषेतही लिहा."

"का हो?"

"उद्या मला कुणी शोधायला निघालं, तर सापडायला नको?"

साहेबांनी दोन्ही लिहिलं. खालची ओळ आहे, 'माणसं शोधणारी बाई'.