परवावर ढकलण्याचं लॅटिन

माझे वडील देवगडजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. पगार इंग्रजीचा, प्रेम मात्र लॅटिनवर. ऐंशीच्या दशकात आमच्या घरी वीज येऊन जाऊन असे, लॅटिन चोवीस तास. एकदा जाड कोशात त्यांना 'पेरेंडिनेट' हा शब्द सापडला आणि पहिला हापूस हाती लागल्यासारखे ते घरभर फिरले. अर्थ काय, तर एखादं काम परवावर ढकलणे.

"लॅटिनात क्रास म्हणजे उद्या," ते पडवीत बसून आई, ताई आणि मला समजावू लागले. "त्यावरून प्रोक्रॅस्टिनेट. ते आळशांचं काम. पेरेंडिए म्हणजे परवा. त्यातला 'दिए' आपल्या दिवसाचाच भाऊबंद. उद्यावर टाकलं की उद्या लोक दारात हजर. परवावर टाकलं की मधला एक दिवस कोणी विचारत नाही. रोमन लोक शहाणे!"

रोमन लोकांचं ठाऊक नाही, पण बाबा या बाबतीत त्यांचे थेट वारस होते. गळकी कौलं, आईचा दुखरा दात, सगळं परवा. शब्द सापडल्यावर तर सवयीला खानदान मिळालं.

त्याच आठवड्यात ताईला कोल्हापुरात नर्सिंगला जागा मिळाली. शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. बुधवारी आईने लेकीसाठी बाबांना गाठलं. "चेडवाक धाडतास काय नाय, ता आज सांगा."

बाबा म्हणाले, देवाला कौल लावू. वर्षभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा हा माणूस!

देवळात गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "गाऱ्हाणा काय घालू, मास्तरांनु?"

बाबांनी घसा खाकरला. "निर्णय परवा घेतला तर चालेल का, एवढंच विचारा."

देव बिचारा भिडस्त. उजवी पाकळी टपकन पडली. बाबा लढाई जिंकल्याच्या थाटात घरी आले. ताई चुलीपाशी बसून रडली.

आई रडली नाही. "देवान तुमका सवड दिल्यान, माझ्या चेडवाक नाय," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ताईला घेऊन वैभववाडीमार्गे कोल्हापूरला निघाली. बाबांनी ट्रंकेला दोरी बांधून दिली, ती गाडीच्या टपावर चढवली. ताई पाया पडली तेव्हा मात्र ते भलतीकडेच बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते पडवीत बसले आणि मला हाक मारली. "मी विचार केला. ताईला जाऊ दे."

"ती कालच गेली, बाबा."

"ठाऊक आहे गो. ती समोर असताना तोंडातून निघेना." एवढं बोलून ते रडू लागले.

मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी तेव्हा दहावीत होते. "मलाही पुढे शिकायला बाहेर जायचंय," मी म्हटलं. "समोर उभी आहे. आत्ता सांगा."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, उगाच माडांकडे पाहिलं. मी हलले नाही.

"जा," ते म्हणाले.