सातवी सही

ते घर त्यांना मिळू नये अशी माझी इच्छा होती, आणि मी ते मिळू दिलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःला सावरून घ्यायला लागलो तर वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. मी मुळात कमी बोलणारा. ही गोष्ट तर तीन वर्षं बायकोलाही सांगितली नव्हती.

हॅनोव्हरला शिकायला आलो तेव्हा होस्टेलच्या आमच्या मजल्यावर एकच किचन होतं आणि ते लॅटिन अमेरिकेतल्या पोरांनी काबीज केलेलं होतं. दोन मेक्सिकन, एक चिलीचा, एक बोलिव्हियाचा, एक इक्वेडोरचा आणि या सगळ्यांचा म्होरक्या एक कोलंबियन. तो माझ्याच वर्गात, मेकॅनिकलला. शहरात जुन्या जर्मन विद्यार्थी-संघटनांचे बंगले होते, दारावर ढाल, आत झेंडे. आम्ही सायकलवरून जायचो तेव्हा त्या बंगल्यांसमोर कोलंबियनचा वेग हमखास कमी व्हायचा.

"आपलं पण असं एक घर पाहिजे," तो म्हणायचा. "ढाल नको, तलवार नको. नुसतं घर. नवा पोरगा विमानातून उतरला की त्यानं सरळ तिथं यायचं."

एका दुपारी मी राजमा शिजवत होतो. तो एक कागद घेऊन आला.

"सही कर."

"कशावर?"

"आमच्या बंधुमंडळावर. फेराइन म्हणून संस्था कोर्टात नोंदवायची तर सात सभासद लागतात. आम्ही सहाच आहोत."

"अरे, मी पुण्याचा. मी कुठला लॅटिनो?"

त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं. "रोज घेवडा आणि भात खातोस. आईला दिवसातून दोनदा फोन करतोस. आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा तू जास्त लॅटिनो आहेस."

मी सही केली. सातवी. एवढंच नाही, माझं जर्मन त्यांच्यापेक्षा बरं होतं म्हणून मंडळाची नियमावलीही मीच लिहिली. प्रत्येक सभेची सूचना प्रत्येक सभासदाला पत्रानं जावी, आणि मंडळ सोडायचं असेल तर लेखी कळवावं, ही दोन कलमं मी हौसेनं घातली. सगळे हसले. "सात जण एका किचनमध्ये जेवतो, पत्र कशाला?" मी म्हटलं, "जर्मनीत आहोत." "गेनाऊ! अगदी बरोबर!" चिलीवाला ओरडला आणि विषय संपला.

मंडळ वाढलं. शिक्षण संपवून जाणारा आपला हिवाळी कोट किचनच्या कपाटात टांगून जायचा, नव्यानं येणाऱ्याला स्टेशनवरच त्यातला एक चढवायचा, अशी रीत पडली. मग स्टुटगार्टला शाखा निघाली, पाठोपाठ फ्रँकफर्टला. दर वर्षी वर्धापनदिनाला संस्थापकांची नावं मोठ्यानं वाचायची आणि ज्याचं नाव येईल त्यानं "प्रेझेंते!", म्हणजे हजर, असं ओरडायचं. पहिली काही वर्षं माझं नाव शेवटी यायचं आणि ते आलं की टेबलं बडवली जायची. खोटं कशाला सांगू, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सुद्धा माझ्यासाठी कुणी कधी टेबल बडवलं नव्हतं.

मग मला नोकरी लागली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सहा महिन्यांचा चाचणीचा काळ चालू होता, इथं राहण्याच्या कायमच्या परवान्याचा अर्जही गेलेला होता. अशात कार्निव्हलच्या वेळी मंडळाच्या पोरांनी इतका धुडगूस घातला की शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. स्थानिक पेपरात मंडळाच्या नावासकट चार ओळी आल्या. कंपनीत जेवणाच्या टेबलावर एकानं ती बातमी वाचून दाखवली आणि मी ताट सोडून उठलो. तसाच पार्किंगमध्ये गेलो आणि कोलंबियनला फोन लावला.

"माझं नाव काढ."

"कुठून?"

"सगळीकडून. संस्थापकांतून, यादीतून, जिथे असेल तिथून. माझा मंडळाशी काही संबंध नाही. कधी नव्हता."

तो म्हणाला, "बरं, भावा." कारण विचारलं नाही, लेखी मागितलं नाही. माझा शब्द त्याला पुरला.

परवाना मिळाला, नोकरी टिकली, लग्न झालं, मुलगी झाली. आणि बायकोला, पुढे सासऱ्यांनाही, मी काय सांगत राहिलो? 'इथलं लॅटिनो मंडळ आम्ही सात जणांनी काढलं.' तो फोन मी सांगितला नाही. हळूहळू तो मी केलाच नव्हता असं मलाही वाटायला लागलं.

सासू-सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते तेव्हा मंडळाच्या मोठ्या वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं, त्या फोननंतरचं पहिलंच. खाली कोलंबियननं हातानं लिहिलं होतं, 'सगळ्यांना घेऊन ये.' सासऱ्यांनी जाकीट चढवलं. दीडशे माणसं जमली होती. सासरे शाकाहारी आहेत म्हटल्यावर कोलंबियन स्वतः आत जाऊन त्यांच्यासाठी वेगळं ताट घेऊन आला. मग तो माइकवर गेला आणि म्हणाला, विद्यापीठ आम्हाला त्यांची एक जुनी इमारत तीस वर्षांसाठी वापरायला देतंय. आज दुपारी सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेला नियमावलीतला बदल आणि नवी कमिटी तेवढी महिनाअखेरीच्या आत कोर्टात नोंदवली गेली पाहिजे, की घर आपलं. बोलताना त्याचा आवाज चिरकला. लोक खुर्च्यांवर चढले.

नंतर नावं वाचली. सहा.

सासरे माझ्याकडे झुकले. "जावईबापू, तुमचं राहिलं वाटतं."

बायकोनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. तिथं खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "यांचं असंच असतं हो, बाबा. काम करून घेतात आणि विसरतात."

माझे सासरे कोथरूडच्या एका हाउसिंग सोसायटीचे अठरा वर्षं सेक्रेटरी होते. परतीच्या ट्राममध्ये ते पेटले.

"मला एक सांगा, तुम्ही राजीनामा दिला होतात?"

"लेखी नाही."

"मग सभासद आहात! आत्ता जी जनरल बॉडी झाली, तिची नोटीस आली तुम्हाला?"

"नाही."

"मग संपलंच की! सभाच बेकायदा. सगळे ठराव रद्द. आमच्याकडे सी विंगमधल्या एका बाईंनी एका नोटिशीवरून अख्खी कमिटी घरी बसवली होती. आणि या लोकांना काय वाटलं, आपण गप्प बसू?"

"बाबा, पुरे ना," बायको म्हणाली. "त्यांनी जेवायला बोलावलं होतं आपल्याला."

"जेवण वेगळं, प्रोसीजर वेगळी."

रविवारी चहा झाल्यावर आम्ही सासरे-जावई डायनिंग टेबलाशी बसलो. ते मराठीत सांगत होते, मी जर्मनमध्ये उतरवत होतो. कलमं शोधावी लागली नाहीत, माझीच होती. 'मी संस्थापक सभासद असून मला सभेची सूचना मिळालेली नाही, सबब नोंदणीस माझी हरकत आहे.' इतकं गोड वाक्य मी आयुष्यात लिहिलं नसेल. खुर्च्यांवर चढलेले ते लोक माझ्या डोळ्यांपुढे होते आणि एकेकाला खाली उतरवताना मजा येत होती. रजिस्टर पत्राची पावती सासऱ्यांनी नीट घडी घालून पाकिटात ठेवली, पुण्याला दाखवायला.

कोर्टानं नोंदणी थांबवली. मुदतीला बारा दिवस उरले असताना कोलंबियनचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं.

"तू मला नाव काढायला सांगितलं होतंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी त्याच दिवशी काढलं. नव्या सभेला आता वेळ नाही. तू फक्त कोर्टाला एवढंच लिही की तू मला तसं सांगितलं होतंस. खरं तेच लिही. घर वाचेल."

त्या क्षणी ते घर माझ्या हातात होतं. त्या माणसाची इतक्या वर्षांची आस आणि मधे मी. मला ते आवडलं. माफ करण्यापेक्षा ते कितीतरी जास्त आवडलं.

"असं काही बोलल्याचं मला आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. या वेळी 'भावा' नाही.

इमारत एका नौकानयन क्लबाला गेली. आता तिथं लाल पडदे आहेत. ऑफिसला जाताना ट्राम तिथूनच जाते. पहिलं वर्षभर ते पडदे पाहून माझा दिवस चांगला जायचा. तिकडे पुण्यात सासरे सोसायटीच्या बाकावर, आमच्या जावयांनी एका पत्रात जर्मनांना कसं वठणीवर आणलं, ते सांगत होते. जर्मन नव्हते ते, पण सासऱ्यांच्या गोष्टीत झाले होते.

यंदा डिसेंबरात स्टेशनवर मंडळाची दोन पोरं दिसली. हातात एक जाडजूड कोट, नुकत्याच आलेल्या एका मुलाला तो घालत होती. मुलगा कुडकुडत विचारत होता, "आपण आता कुठे जायचं?" त्यांतला एक म्हणाला, "आज माझ्याकडे. उद्याचं उद्या बघू."

त्या आठवड्यात मी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे बाबांना तू नुसतं वापरलंस?" आणि मुलीला पियानोच्या क्लासला सोडायला निघून गेली. मी मंडळाला दीड पानी पत्र लिहिलं. फोनचं, खोट्याचं, मजा आल्याचंही.

उत्तर रजिस्टर पोस्टानं आलं, 'आदरणीय महोदय' अशा सुरुवातीचं. सर्वसाधारण सभेची रीतसर सूचना होती. विषय चौथा, सभासदाला काढून टाकणे. संबंधितास बाजू मांडता येईल.

मी गेलो. एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये चाळीसेक जण बसले होते, बहुतेकांना मी ओळखत नव्हतो. बाजू काही मांडली नाही. पत्रात आहे ते खरं आहे, म्हणालो. एका तरुण मुलानं विचारलं, "पण का?"

"सासऱ्यांसमोर लाज गेली म्हणून."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. मग हात वर झाले. कोलंबियनचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला, पण गेला. केस पांढरे झालेत त्याचे. तो माझ्याकडेच पाहत होता, आणि त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की बायको त्यांना वाचून दाखवणार आहे, असं तिनंच ठरवलंय.

विषय पाचवा नव्या जागेचा होता. कुठलीशी जागा पाहून ठेवली होती त्यांनी. नकाशाची गुंडाळी टेबलावर तयार होती. अध्यक्ष मुलगी उठली आणि नम्रपणे म्हणाली, "आल्झो, तर मग, यापुढचं फक्त सभासदांसाठी आहे." सगळे मी निघायची वाट पाहत थांबले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, तेव्हा आत नकाशा उलगडल्याचा आवाज आला.