कार्टमधला फ्रिज

दुकानदाराने भाव सांगितला की बाई पर्स काखेत मारायच्या आणि सरळ चालू लागायच्या. "मागे बघायचं नाही," मला दटावायच्या. "हाक येते." आणि यायचीच.

पनवेलच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. राहायचोही एकाच इमारतीत. शाळेतल्या कुणाकडे लग्न निघालं की खरेदीला नवरीच्या आईआधी बाईंना विचारणं व्हायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हातात पडलेल्या वस्तूपेक्षा त्यांना समोरच्याचं "बरं, न्या" जास्त गोड लागतं.

मग सगळी खरेदी मोबाइलवर आली. तिथे घासाघीस कुणाशी करणार? बाईंनी एकदा कुकर कार्टमध्ये टाकला आणि घेतलाच नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइल वाजला. तुमची वस्तू वाट पाहते आहे, खास तुमच्यासाठी सवलत. बाईंनी स्टाफरूममध्ये तो माझ्यापुढे धरला. "बघ. आली की नाही हाक?"

तेव्हापासून कार्ट भरली की त्या मोबाइल टीपॉयवर उपडा ठेवायच्या आणि खरोखरच गच्चीवर फेऱ्या मारायला जायच्या. "समोर बसून राहिलं तर त्याला कळतं."

मे महिन्यात त्यांचा फ्रिज बंद पडला. नवा कार्टमध्ये टाकून बाई गच्चीवर गेल्या. हाक आली नाही. त्यांची कोळंबी आणि दूध आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला आलं. आठवडा गेला आणि भाव उलट वाढला.

"माणूस असता तर लाजला असता," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी नीट जेवल्याही नाहीत.

बाईंचे मिस्टर न्हावा शेव्याला नोकरीला. बोलणं कमी. त्यांनी गुपचूप पूर्ण पैसे भरून फ्रिज मागवला, आणि तो आला तेव्हा धावत जिना उतरून टेम्पोवाल्याच्या हातात पाचशेची नोट कोंबली. मी तिथेच होते.

"आमची ही भाव करेल. शेवटी हे तिला द्या."

"काका, पेमेंट झालंय."

"माहीत आहे. पण लगेच देऊ नका, भाऊ. जरा ताणा."

टेम्पोवाला मोठा कलावंत निघाला.

"इथे पोचा पडलाय," बाई दारात फ्रिज अडवून म्हणाल्या. "काहीतरी कमी करा."

"नाय परवडत, काकी."

"मग न्या परत."

त्याने खरंच फ्रिज उचलला आणि दोन पायऱ्या उतरवला. त्याच्या जोडीदाराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा खालून सगळं वजन पेलत आमच्याकडे बघत होता. मिस्टर कठडा धरून उभे. बाई तोंड फिरवून आत गेल्या.

"घ्या काकी," खालून टेम्पोवाल्याचा थकलेला आवाज आला. "पाचशे कमी. मालकाला सांगू नका."

बाईंनी नोट घेतली आणि दोघांना कैरीचं पन्हं दिलं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि दोघं माणगावला, गावच्या घरी राहायला गेली. निघताना किल्ली द्यायला आल्या, त्या दारातच घोटाळल्या.

"ती पाचशेची नोट माझ्याच डाळीच्या डब्यातली होती, अगं. हिंगाचा वास येत होता तिला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"हे जिन्यात किती घामाघूम झाले होते," त्या म्हणाल्या. "यांना सांगू नकोस."

मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोच्या उघड्या दाराशी मिस्टर हात पुढे करून उभे होते. बाई तो हात धरून चढल्या, आणि साडीचा लोंबणारा काठ मिस्टरांनी आत सारून दार हळूच लावलं.