दुहेरी भिंतीचा किल्ला

किल्ल्याचा खोका माझ्या मुलीचा होता. ती पुण्यात नोकरीला लागल्यापासून तो माळ्यावर पडून होता. वरच्या चित्रात चार बुरूज, उचलता येणारा पूल, घोड्यांवरचे शिलेदार आणि सगळ्यांत उंच बुरुजावर पंख पसरून बसलेला हिरवा ड्रॅगन. आत प्लास्टिकच्या विटा, बहुतेक राखाडी. डिसेंबरच्या सुरुवातीला तो खोका घेऊन मी तुळजापूरहून सास्तूरला गेलो. मी काम करत होतो त्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाली होती, त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता.

सास्तूरला माझा थोरला भाऊ राहतो. तो गवंडी आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, पाय महिन्याभरात. उजवा हात आला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी बारीक वस्तू उचलायला, जोडायला, दाबायला सांगितलं होतं. रोज दोन वेळा, अर्धा अर्धा तास. वहिनीनं हरभऱ्यांची वाटी दिली. दादानं दोन दिवस हरभरे उचलून ठेवले, तिसऱ्या दिवशी खाऊन टाकले. म्हणून खोका.

घाईचं कारण एकच होतं. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचं जोतं दादानं दिवाळीआधी भरून ठेवलं होतं. नवरा गेल्यापासून त्या पुतण्याच्या घरी राहतात. सगळे त्यांना आपा म्हणतात. दादा आजारी पडल्यावर दोन गवंडी त्यांच्याकडे काम मागायला गेले, आपांनी दोघांनाही परत पाठवलं. संक्रांतीपर्यंत थांबते, म्हणाल्या. तोवर दादाला उजव्या हातानं वीट बसवता आली पाहिजे होती.

पहिल्या दिवशी मी चटईवर सगळं ओतलं.

“कुणाचा किल्ला?” दादानं विचारलं.

“कुणाचाच नाही. परदेशातला, जुन्या काळातला. वर ड्रॅगन बसतो.”

त्यानं डाव्या हातानं ड्रॅगन उचलून बघितला. “सरडा हाय. नळदुर्गाला असला सरडा कधी दिसला न्हाय.”

खोक्यात चित्रांचं पुस्तक होतं. त्याप्रमाणे एकेक वीट पुढं सरकवायची आणि दादानं ती उजव्या हातानं बसवायची, असं ठरलं. मी वहीत वेळ लिहून ठेवत होतो. पहिल्या दिवशी एका विटेला सत्तर सेकंद लागले. वीट सुटायची, चटईखाली जायची, तो पुन्हा हात पुढं करायचा. चौथ्या दिवशी तटाची भिंत चार थर वर आली आणि दादा थांबला.

“ही भिंत न्हाय,” तो म्हणाला. “पडदी हाय. किल्ल्याला पडदी असती का?”

पडदी म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये घालतात ती एका विटेची पातळ भिंत. मी पुस्तक दाखवलं. भिंत एकाच विटेची होती.

“पुस्तक लिवणाऱ्याचं काय जातंय? तू बी लिवायचासच की पेपरात.”

त्यानं भिंत काढायला लावली. नवी भिंत दुहेरी घेतली. दोन ओळी समोरासमोर, प्रत्येक थराला सांधे मोडून, म्हणजे खालच्या फटीवर वरची वीट येईल अशा. दर तिसऱ्या थराला एक वीट आडवी, दोन्ही ओळींना धरून ठेवणारी. पुस्तकात अशी वीट कुठंच नव्हती.

त्र्याण्णवच्या भूकंपाआधी आमच्या भागातल्या भिंती दोन-दोन हात जाड असायच्या. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि दगडाच्या चिपा. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड क्वचित असायचा. हादरा बसला तेव्हा बाहेरची बाजू बाहेर गेली आणि आतली बाजू आत पडली. आमच्या घरात आतल्या बाजूला आई आणि धाकटी बहीण होत्या. मी आणि दादा अंगणात झोपलो होतो. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, मी सोळा. नंतर तो पुनर्वसनाच्या कामावर बिगारी म्हणून लागला आणि तिथंच गवंडीकाम शिकला. मी पेपरात गेलो. दरवर्षी सप्टेंबरअखेर या विषयावर एक बातमी मी लिहायचो. शेवटची काही वर्षं मागच्या वर्षीचीच काढून कितवं वर्ष तेवढा आकडा बदलायचो.

दुहेरी भिंतीला विटा दुप्पट लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी म्हणालो, बुरुजांना काही उरणार नाही.

“बुरूज कशाला? वरच्या वजनानंच माणूस मरतंय.”

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, “भावजी, ह्यांचा किल्ला म्हणजे पुनर्वसनातलंच घर होणार बघा. शाळेत कार्यानुभवाला दिला असता तर मास्तरनं नापास केला असता.”

भिंत शिलेदारांच्या छातीपर्यंत आली आणि विटा संपल्या. आत सिंहासन, तुरुंग आणि खजिन्याची पेटी बसवली. दादानं शिलेदार मोजले. नऊ होते.

“ही झोपत्यात कुठं?”

मी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. पलंग नव्हता, अंथरूण नव्हतं. दादानं नऊही जण तटाबाहेर चटईवर ओळीनं आडवे केले. रोज सकाळी वहिनी झाडताना त्यांना गोळा करायची आणि झाडून झाल्यावर पुन्हा तसेच मांडायची.

वहीत वेळ उतरत गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका विटेला चौदा सेकंद होते. मी ते आकडे नीट उतरवून काढले होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी आपा आल्या. खुर्चीवर बसल्या, किल्ल्याकडे बघितलं.

“मिस्त्री, जोत्यावर गवत आलंय. शेळ्या चरायल्यात,” त्या म्हणाल्या. “हात कसा हाय?”

मी वही उघडली. दादा म्हणाला, “ते ठेव.” मग वहिनीला म्हणाला, “टावेल आण. माझे डोळे बांध.”

वहिनीनं डोळे बांधले.

“आपा, त्यातली एक वीट घ्या आणि माझ्या उजव्या हातात द्या.”

आपांनी वीट त्याच्या बोटांत ठेवली. बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली. वीट पडली नाही. आम्ही तिघं बघत होतो.

थोड्या वेळानं दादानं विचारलं, “दिली का?”

वहिनीनं टॉवेल सोडला. दादानं हाताकडे बघितलं, वीट बघितली आणि खाली ठेवली.

“वीट बसली का न्हाय ते हाताला कळाया पाहिजे,” तो म्हणाला. “मी सव्वा महिना डोळ्यांनी बांधायलोय. तुमच्या डोक्यावर असलं छत नको. दुसरा बघा.”

“दुसरा कोण?”

“लोहारा गावचा तो गवंडी.”

“त्याची भिंत शेळी टेकली तरी पडती, असं तुम्हीच म्हणायचात.”

“ते चेष्टेनं. हात चांगला हाय त्याचा.”

“मग तुम्ही समोर खुर्ची टाकून बसा. त्याला सांगा.”

“मी समोर बसल्यावर त्याचा हात आखडंल.”

आपांनी चहा संपवला. कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेल्या. दादा संध्याकाळच्या व्यायामाला बसला नाही. वहिनीनंही बोलावलं नाही.

लोहाऱ्याचा गवंडी चार दिवसांनी आला. सकाळी दादानं मला भिंत सरळ आहे का बघायचा कोनाड्यातला ओळंबा काढायला सांगितला. पितळी होता, दोरा नवा.

“नेऊन दे. त्याचा लोखंडी हाय, गंजलाय.”

“परत कधी आणू?”

“आणू नको.”

मी जोत्यावर गेलो. गवत काढून झालं होतं, आपा कडेला उभ्या होत्या. गवंड्यानं ओळंबा हातात तोलून बघितला.

“दादा न्हाईत यायचे?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानं दोरा सोडला, टोकाचा पितळी भोवरा फिरायचा थांबेपर्यंत वाट बघितली आणि बिगाऱ्याला माल कालवायला सांगितला.