धबधब्याचा शॉट

गांधीबागेतल्या सलूनमध्ये एक दिग्दर्शक आम्हाला दर रविवारी भेटतात. मुंबईत मालिका आणि गाण्यांचे व्हिडिओ दिग्दर्शित करून नागपूरला परतलेले. अजूनही कोणी बोलायला लागलं, की आधी त्याचा खांदा धरून उजेडाकडे वळवतात आणि म्हणतात, "हं, आता बोल गा."

परवा टीव्हीवर त्यांचंच गाजलेलं गाणं लागलं. धबधब्याखाली भिजलेली नायिका थरथरत होती.

"साहेब, काय अ‍ॅक्टिंग करून राहिली पोरगी!" सलूनवाला म्हणाला.

गालावर फेस तसाच ठेवून ते उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"अ‍ॅक्टिंग नाही गा. थंडीनं कापून राहिली होती. माझ्याकडे बघून विनवत होती. मले शॉट आवडला, म्हणून मी कट म्हटलंच नाही."

आम्हा सगळ्यांना त्या गाण्यात तिचं ते थरथरणंच आवडायचं.